पोतं की पाट? अफगाणिस्तानला मदत करायची तर नेमकी कशाची

मेधा कोथरूड
रवि, १६ नोव्हेंबर २०२५, १०:४२

आमच्या सोसायटीच्या गणपतीची वर्गणी यंदा उरली. एक लाख बारा हजार. एरवी उरलेलं पुढच्या वर्षीच्या मांडवाला जातं आणि विषय मिटतो. पण यंदा गणपती बसलेले असतानाच, ३१ ऑगस्टच्या रात्री, अफगाणिस्तानात कुनारला भूकंप झाला. दोन हजारांहून जास्त माणसं गेली. आमच्या बी विंगेत दुसऱ्या मजल्यावर तीन अफगाण विद्यार्थी भाड्यानं राहतात. त्यातला धाकटा रोज आरतीला यायचा. शेवटच्या रांगेत उभा, टाळ्या एकदम ठेक्यात, मोदक मात्र मोजून दोन. १ तारखेला आला नाही. वर जाऊन बघितलं तर तिघंही जिन्यात बसून फोन लावत होते, कारण त्यांच्या घरात रेंज येत नाही. धाकट्याचे आईवडील जलालाबादजवळ असतात, ते सुखरूप होते. मामाचं घर वर डोंगरात होतं, ते राहिलं नाही.

समितीनं ठरवलं, पैसे तिकडे द्यायचे. इथपर्यंत एकमत. त्याला दोन महिने झाले आणि पैसे अजून बँकेतच आहेत, कारण सोसायटीत दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो, थंडी तोंडावर आली, पीठ-तेल-ब्लँकेटं द्या आणि मोकळे व्हा. दुसरा पक्ष म्हणजे मी आणि चौथ्या मजल्यावरचे साने. आमचं म्हणणं, पोतं संपतं. पुढे टिकेल असं काही द्यावं, शेताला पाणी देणाऱ्या पाटासारखं. २००२ ते २०२१ जगानं तिथे पैसा ओतला. नुसत्या अमेरिकेनंच उभारणीच्या नावाखाली १४० अब्ज डॉलरच्या वर खर्च केला. आणि सरकार पडून तालिबान आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात निम्म्या देशाला पोटभर खायला नव्हतं. मग वीस वर्षं उभारलं काय? पोत्यांनीच लोकांना बसून खायची सवय लावली का?

जाणकारांनी लिहावं. एक लाख बारा हजारांत अफगाणिस्तान उभा राहणार नाही हे मला माहीत आहे, ते कृपया सांगू नये.

तिरकस
१६ नोव्हें, ११:०५

एक लाख बारा हजारांत अफगाणिस्तान उभा राहणार नाही.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

झणझणीत
१६ नोव्हें, ११:३१

सप्टेंबरात धाराशिव, बीड, सोलापूरला शेतं मातीसकट वाहून गेली. जनावरं दावणीला बांधलेली मेली. आणि कोथरूडच्या गणपतीला कुनार दिसतंय. चालू द्या.

मेधा कोथरूड
१६ नोव्हें, ११:४०

झणझणीत, मराठवाड्याला सोसायटीनं वेगळे दिले. नवरात्रात घरटी वर्गणी काढून, शिवाय चाऱ्याचा एक टेम्पो. तो बंडातात्या नावाचा ड्रायव्हर चुकून भलत्याच गावात रिकामा करून आला ती गोष्ट वेगळी. त्या गावालाही गरज होतीच.

झणझणीत
१६ नोव्हें, ११:५२

मग शब्द मागे. टेम्पोचं वाचून बरं वाटलं.

दूरचा पाहुणा
१६ नोव्हें, १४:१८

२००९ ते २०१३ मी तिकडे होतो. आधी काबूल, मग मजार-ए-शरीफ. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेत माल पोहोचवायचं काम. नाव लिहीत नाही, मित्र अजून आहेत तिथे.

आधी पोत्याबद्दल, कारण मेधाताईंनी त्याला फारच खालच्या पाटावर बसवलंय. वाटपाच्या दिवशी पहाटे पाचला भिंतीबाहेर बायकांची रांग लागलेली असते. बहुतेक निळ्या बुरख्यात, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड. यादीत नाव सापडायचं, जांभळ्या शाईचा अंगठा उठवायचा, मग पोतं. पन्नास किलोचं पोतं ती बाई नेणार कशी? म्हणून फाटकाबाहेर ढकलगाडीवाले उभे. त्यांना द्यायला रोख नसते, त्यामुळे भाडंही त्याच पोत्यातून, टमरेलानं मोजून. त्यांच्या पलीकडे एक व्यापारी तराजू मांडून बसलेला. काही बायका अंगठा उठवून थेट त्याच्याकडे जायच्या आणि अख्खं पोतं पडत्या भावानं विकून मोकळ्या. आमच्या अहवालात याला 'गळती' म्हणत. एकदा दुभाष्यामार्फत एकीला विचारलं, विकलंस का? ती म्हणाली, मुलाला ताप आहे, डॉक्टर पीठ घेत नाही. त्यानंतर निदान मी तरी तो शब्द लिहायचं सोडलं. पुढे बऱ्याच संस्था धान्याऐवजी रोख द्यायला लागल्या, त्यामागे असे कितीतरी अंगठे आहेत.

तेव्हा बसून खायची सवय हे काही मला पटत नाही. त्या रांगेतली एकही बाई बसलेली नसायची.

सवय लागली होती ती आम्हाला. निधी जानेवारीत मंजूर व्हायचा, हातात यायचा एप्रिलमध्ये आणि डिसेंबरअखेर खर्च दाखवायचाच. आपल्याकडे मार्चअखेर रस्ते होतात ना, अगदी तसं. नोव्हेंबरपासून डोंगरात बर्फ. मधल्या सहा-सात महिन्यांत काय उरकतं? पोती. पाट सहा महिन्यांत होत नाही. नुसतं जमिनीचं आणि पाण्याच्या पाळ्यांचं भांडण मिटायलाच वर्ष जातं. आणि देणाऱ्याला वर्षाच्या शेवटी पावती लागते, फोटो लागतो.

आणखी एक. माझा ड्रायव्हर शिकलेला डॉक्टर होता. सरकारी दवाखान्यात मिळायचं त्याच्या पाचपट आम्ही त्याला गाडी चालवायला देत होतो. गाडी फार वाईट चालवायचा.

तिरकस
१६ नोव्हें, १४:३०

पाहुणे, म्हणजे अपघात झाला तर जागेवर उपचार. योजना चांगली होती.

लोणारकर
१६ नोव्हें, १६:०२

पाहुण्यांचा प्रतिसाद जबरदस्त, वाखुसा (वाचनखूण साठवली).

पैसा गेला कुठे, तर अमेरिकेनंच नेमलेल्या खास महानिरीक्षकाच्या कार्यालयानं वर्षानुवर्षं त्याचे अहवाल काढलेत. वाचताना हसावं की रडावं कळत नाही. अफगाण हवाई दलासाठी इटलीतून वीस जुनी मालवाहू विमानं घेतली, खर्च ५४.९ कोटी डॉलर. सुटे भाग मिळेनात, उडेनात. शेवटी त्यातली सोळा भंगारात गेली आणि सगळ्यांचे मिळून आले ३२ हजार डॉलर. सैन्यासाठी गर्द झाडीत लपायला उपयोगी अशा हिरव्या नक्षीचे गणवेश घेतले, त्यात सुमारे २.८ कोटी डॉलर जास्तीचे गेले. देशात जंगल आहे जेमतेम दोन टक्के जमिनीवर. काबूलजवळ तारखीलला डिझेलवर चालणारं वीजकेंद्र बांधलं, तीसेक कोटी डॉलरच्या वर. डिझेल इतकं महाग की ते बहुतेक काळ बंदच, आणि शहर चालतं उझबेकिस्तानातून तारेनं येणाऱ्या स्वस्त विजेवर.

तिरकस
१६ नोव्हें, १६:०९

सोळा विमानं ३२ हजारात? आमच्या गल्लीतल्या भंगारवाल्यानं कुकरच्या झाकणाला यापेक्षा बरा भाव दिला.

हिरवे गणवेश एक वेळ समजू शकतो. दुकानात गेल्यावर आपल्यालाही उगाच हिरवा आवडतो.

साबां पेन्शनर
१६ नोव्हें, १८:४५

लोणारकर, ती उझबेकिस्तानातून येणारी तार कोणी ओढली तेही लिहा की. पुल-ए-खुमरी ते काबूल, २२० केव्ही, सलंग खिंडीच्या बर्फातून. भारताच्या पॉवरग्रिडनं. २००९ साली काबूलला त्यातून वीज आली.

मी स्वतः गेलो नव्हतो. माझा एक बॅचमेट सीमा सडक संघटनेतून झरंज-दिलाराम रस्त्यावर होता. इराणच्या सरहद्दीपासून आत २१८ किलोमीटर. या रस्त्यापायी आपली माणसं मारली गेली आणि अफगाण तर त्याहून कितीतरी जास्त. तो सांगायचा, सकाळी कामावर निघताना पहिली गाडी कोणाची यावर कोणी बोलायचं नाही, नुसतं आळीपाळीनं. आपणच बांधलेल्या सलमा धरणाचं सामान मुंबईहून सरळ नेता येईना, पाकिस्तान वाट देईना. म्हणून समुद्रातून बंदर अब्बासला, तिथून १२०० किलोमीटर इराणमधून, मग सरहद्दीपासून आणखी ३०० किलोमीटर. जून २०१६ मध्ये धरण सुरू झालं. ४२ मेगावॉट. कोयनेपुढे किरकोळ वाटेल, पण ते हेरातमध्ये आजही उभं आहे. काबूलमधलं सरकार बदललं म्हणून धरण पळून जात नाही.

आणि मेधाताई, आपण पोतीही दिली. २०२२ च्या फेब्रुवारीत वाघ्यावरून गव्हाचे ट्रक गेले, एकूण ५० हजार टन द्यायचे ठरले होते. त्याआधी शाळकरी मुलांना प्रथिनांची बिस्किटं. ती मुळात गव्हाचीच देणगी, पण ट्रक जाऊ देईनात म्हणून गव्हाची बिस्किटं झाली.

दूरचा पाहुणा
१६ नोव्हें, १९:२०

पेन्शनर साहेब, बिस्किटं मी स्वतः मोजलीत. शंभर ग्रॅमचा पुडा. शाळेत खायचा, पण मुलं अर्धाच खायची, उरलेला घरी. मास्तर रागवायचे. मी मास्तरांना सांगितलं, राहू द्या.

धरणाबद्दल एक कुजबूज. हेल्मंदमधलं कजाकी धरण १९५३ चं, अमेरिकी मदतीतलं. त्यातलं एक जनित्र बसवायचं राहून गेलं होतं. २००८ मध्ये ब्रिटिश सैन्यानं हजारो सैनिकांच्या पहाऱ्यात शत्रूच्या मुलखातून ते अवाढव्य धूड पोहोचवलं. वर्तमानपत्रांत मोठं कौतुक झालं. मग ते बसवायला लागणारं सिमेंट त्याच रस्त्यानं पोहोचेना. २०१६ उजाडलं जनित्र चालू व्हायला. आठ वर्षं लग्नाचा बँडबाजा होऊन नवरी मांडवात नुसती बसलेली.

पाटकरी
१६ नोव्हें, २१:५५

धाग्याच्या नावात पाट बघून आलो. मी जलसंपदा खात्यातून निवृत्त, बहुतेक नोकरी मराठवाड्यात. अफगाणिस्तान पाहिलेला नाही. पाणी पाहिलंय.

मेधाताईंना पाटाचा खरा दाखला हवा असेल तर तो ज्या कुनार नदीकाठी भूकंप झाला तिच्याच पाण्यावर आहे. तेत्सु नाकामुरा नावाचे जपानी डॉक्टर १९८४ मध्ये पेशावरला कुष्ठरोग्यांवर उपचार करायला आले. आपल्याला लगेच आनंदवन आठवतं, आणि पुढची गोष्टही तशीच आहे, दवाखान्यातून शेतात शिरणारी. २००० सालच्या दुष्काळात त्यांच्या दवाखान्यात गढूळ पाणी पिऊन हगवण लागलेली पोरं यायला लागली. औषधानं काय होणार? त्यांनी विहिरी खणल्या, शेकड्यांनी. मग विहिरींचंही पाणी खाली गेलं, तेव्हा २००३ मध्ये कालवा काढायला घेतला. डॉक्टरनं! पन्नाशी उलटल्यावर स्थापत्याची पुस्तकं घेऊन बसले.

आता माझ्या कामाचा भाग. त्यांनी काँक्रीटचा हट्ट धरला नाही. काठाला तारेच्या जाळीत दगड भरून गॅबियन लावले, ज्याचे बंधारे आपण पाणलोटाच्या कामात गावोगाव घातलेत. त्यामागे विलोची झाडं. विलो म्हणजे आपल्या ओढ्याकाठच्या वाळुंजाचा चुलतभाऊच. त्याची मुळं त्या दगडांतून शिरतात आणि जाळी गंजून गेली तरी दगड धरून ठेवतात. नदीतून पाणी वळवायला सरळ भिंत न घालता तिरका दगडी बांध घातला. ही युक्ती त्यांच्या स्वतःच्या गावाकडची, फुकुओकातल्या दोनशे वर्षांहून जुन्या बंधाऱ्याची. कारण साधं: पुरात वाहून गेलं तर गावकऱ्यांना तिथल्याच दगडांनी, तिथल्याच हातांनी पुन्हा बांधता यावं. सिमेंटच्या ट्रकची वाट बघायला नको (पाहुण्यांचं जनित्र आठवा). पंचवीस किलोमीटरचा कालवा २०१० मध्ये गाम्बेरीच्या वाळवंटात पोहोचला. सात वर्षं. त्यावर रोजंदारीनं राबली ती तिथलीच माणसं, त्यात आधी बंदूक धरलेलेही होते. पैसा मुख्यतः जपानमधल्या सामान्य लोकांच्या वर्गणीचा. तुमच्या एक लाख बारा हजारांसारख्याच रकमांचा, हे मुद्दाम सांगतो.

४ डिसेंबर २०१९ ला जलालाबादेत त्यांना आणि बरोबरच्या पाच अफगाणांना गोळ्या घालून मारलं. कालवा वाहतो आहे. आताच्या राजवटीनंही त्यांच्या नावाचा चौक केला.

जाता जाता: तिकडचं जुनं पाणी म्हणजे कारेज. डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून उतारानं आणलेला बोगदा, वर ओळीनं मोकळ्या विहिरी. कुणाला बघायचं असेल तर काबूलला जायला नको. संभाजीनगरची नहर-ए-अंबरी त्याच घराण्यातली, चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरनं काढलेली. तिची आपण काय अवस्था केली त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

सीमा नाशिक
१६ नोव्हें, २२:२०

पाटकरी काका, अंगावर काटा आला. स्वतंत्र लेख लिहा.

झणझणीत
१६ नोव्हें, २२:४१

+१. फक्त एक खवचट प्रश्न. या डॉक्टरांनी कालव्याबरोबर मशीद आणि मदरसाही बांधून दिला असं वाचलंय. मदतीच्या पैशात हे कसं बसतं?

पाटकरी
१७ नोव्हें, ०६:१५

बांधला, खरं आहे. गावानं मागितला. आपल्याकडे तळ्याचं काम मारुतीच्या पारावर बसल्याशिवाय ठरतं का? मी पंचवीस वर्षांत एकही पाणीवाटप संस्था देवळाबाहेर स्थापन झालेली पाहिली नाही. नारळ कोण फोडणार यावरून मोडलेल्या मात्र दोन पाहिल्यात.

दूरचा पाहुणा
१७ नोव्हें, ०८:५०

पाटकरींच्या नारळावरून आठवलं. सगळंच वाया गेलं असंही नाही. २००३ पासून त्यांच्या ग्रामविकास खात्यानं एक कार्यक्रम चालवला. गावानं गुप्त मतदानानं आपलं मंडळ निवडायचं, त्यात बायका हव्यात, आणि कुटुंबामागे २०० डॉलर या हिशेबानं कमाल ६० हजार डॉलर गावाच्या हाती. पूल, विहीर, छोटं जलविद्युत, काय हवं ते गाव ठरवणार. दहा टक्के गावाचे, श्रमानं किंवा पैशानं. एका गावात मी स्वतः बघितलं: पाटीवर '१४ मीटर पूल' लिहिलेलं आणि एका म्हाताऱ्यानं काठीनं मोजून दाखवलं की साडेतेरा भरतो. अर्धा मीटर कुठे गेला म्हणून ठेकेदाराला चावडीवर उभा केला होता. वीस वर्षांत पैशाचा हिशेब मागणारा तो मला भेटलेला सगळ्यात कडक लेखापरीक्षक.

पाटकरी
१७ नोव्हें, ०९:३०

दहा टक्के लोकवर्गणी! अहो, आमचं महाराष्ट्रातलं पाणीपुरवठ्याचं जलस्वराज्य हेच की. तेही २००३ चं, तेही जागतिक बँकेच्या पैशाचं. म्हणजे एकाच कपाटातल्या दोन फायली.

सीमा नाशिक
१७ नोव्हें, १३:१०

सगळे धरण-पूल-कालवे यावरच बोलताय, म्हणून लिहिते. मी परिचारिका प्रशिक्षणात आयुष्य काढलंय.

२००२ च्या पाहणीत अफगाणिस्तानात दर एक लाख जिवंत जन्मांमागे सुमारे १६०० आया दगावत होत्या. देशभर शिकलेल्या सुईणी शेकड्यांत मोजण्याइतक्या. मग त्यांनी साधी गोष्ट केली: ज्या भागात सुईण नाही तिथलीच मुलगी निवडायची, गावाकडून लिहून घ्यायचं की ती शिकून परत येऊन काम करेल, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी शिकवायचं. वीस वर्षांत हजारोंनी तयार झाल्या. गावपातळीवर आरोग्य स्वयंसेवकांची जोडी असायची, एक पुरुष, एक बाई, बऱ्याचदा नवराबायको, कारण बाईनं एकटीनं फिरणं अवघड. जामखेडचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना हे परकं वाटणार नाही. आता १४० अब्जांच्या हिशेबात हे कुठे दिसतं? कुठेच नाही. स्वस्तात झालं म्हणून.

आणि तेच आता आटतंय. सहावीनंतर मुलींची शाळा बंद. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ बंद, त्याच महिन्यात संस्थांमध्ये बायकांना कामाची बंदी. आरोग्याला सूट होती. डिसेंबर २०२४ मध्ये सुईणींच्या आणि परिचारिकांच्या संस्थाही मुलींना बंद केल्या. आता ज्या आहेत त्या म्हाताऱ्या होतील. पुरुष डॉक्टरकडे बाईला न्यायचं नाही आणि बाई डॉक्टर घडवायची नाही. मग बाळंतिणीनं काय करायचं?

तिरकस
१७ नोव्हें, १३:२५

सीमाताई, यावर मला विनोद सुचत नाही. नोंद घ्यावी.

झणझणीत
१७ नोव्हें, १५:००

मग सरळ आहे. अशा राजवटीला एक दाणा देऊ नये. मदत जाते म्हणून त्यांचं भागतं. लोकांचं पोट जग भरणार आणि हे बंदुका मिरवणार.

सीमा नाशिक
१७ नोव्हें, १५:४०

झणझणीत, बंदी आली तेव्हा काही मोठ्या संस्थांनी काम थांबवलं होतं, निषेध म्हणून. राजवटीचं काय बिघडलं? उपाशी कोण राहिलं? विधवा, जिच्या घरी पुरुष नाही, तिची नोंद घ्यायला दुसरी बाईच जाऊ शकते. त्या बाईलाच घरी बसवलं तर ती विधवा यादीतच येत नाही. म्हणून त्या संस्थांनी वाटाघाटी करून, जिल्ह्याजिल्ह्यात तोंडी परवानग्या घेऊन पुन्हा सुरू केलं. लाज वाटते त्यात, मान्य. पण माघार घेणं हा निषेध फक्त आपल्याला परवडतो.

झणझणीत
१७ नोव्हें, १५:५८

पटलं नाही. पण उत्तरही नाही. यंदा इराण-पाकिस्तानातून वीस लाखांवर माणसं परत ढकललीत, ती खाणार काय, हे माझ्याकडेही नाही.

हिशेबनीस
१७ नोव्हें, २१:०७

दोन दिवस वाचतोय. सगळे कामाचं बोलले, पैशाचं कोणी बोललं नाही.

२०२१ पर्यंत अफगाण सरकारच्या खर्चातले शंभरातले पंचाहत्तर रुपये बाहेरून यायचे. मास्तरचा पगार, नर्सचा पगार, सगळं. १५ ऑगस्टला काबूल पडलं आणि ते थांबलं. त्याच वेळी देशाची परकीय गंगाजळी, त्यातली सात अब्ज डॉलर न्यूयॉर्कमध्ये, गोठवली. बँकांना बाहेरच्या बँका हात लावेनात. म्हणजे ज्याच्या खात्यात पैसे होते त्यालाही काढता येईनात. मेधाताई, तुमचा तो 'पहिलाच हिवाळा' असा आला. दुष्काळ होताच, पण बाजारात पीठ होतं आणि खिशात नोटा नव्हत्या. मग संयुक्त राष्ट्रांनी विमानानं रोकड न्यायला सुरुवात केली. खोक्यात भरलेले डॉलर, एका खेपेला चार कोटींच्या आसपास. काही काळ रेड क्रॉसनं तीसहून जास्त रुग्णालयांतल्या डॉक्टर-नर्सचे पगार दिले, तेही २०२३ मध्ये संपलं. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेनं हात आखडला.

तेव्हा पोतं की पाट हा वादच मला अर्धवट वाटतो. पाटावर काम करणाऱ्याला शनिवारी पगार मिळाला पाहिजे. तो तुटला की पाटकरी पोत्याच्या रांगेत उभा राहतो. (आयडीवाले पाटकरी काका, तुम्ही नाही.)

पाटकरी
१७ नोव्हें, २१:२०

आमची पेन्शनही दोन महिने अडकली होती. उभा राहिलो असतो.

मेधा कोथरूड
१८ नोव्हें, १०:१५

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल धाकट्याला खाली बोलावलं आणि धाग्यातलं थोडं थोडं हिंदीत सांगितलं. नाकामुरा म्हटल्यावर तो एकदम "काका मुराद" म्हणाला. तिकडे त्यांना तेच म्हणत. त्याच्या आजोबांची जमीन त्या कालव्याखाली आहे. आधी तिथे खडे होते, आता संत्री होतात.

मग त्यानं घाबरत घाबरत सांगितलं, की त्याची बहीण सुईणीच्या दुसऱ्या वर्षाला होती (सीमाताई, तुम्ही लिहिलंत तेच), घरी बसली. आता शेजारच्या अकरा मुलींना घरात शिकवते, वह्या पिठाच्या डब्यात ठेवून. तिला पैसे पोचवायचे तर काबूलच्या सराई शहजादा या पैशांच्या बाजारात एक हवालावाला आहे, तो इकडे कुणाला तरी ओळखतो. प्रकाटाआ (प्रतिसादाचा पुढचा भाग काढून टाकला आहे)

संपादक मंडळ
१८ नोव्हें, १०:३२

वरील प्रतिसादातला पुढचा भाग संपादित केला आहे. पैसे पाठवण्याचे बेकायदा मार्ग इथे सुचवू नयेत. तसेच कुणाची ओळख पटेल असा तपशील लिहू नये, विशेषतः या विषयात.

हिशेबनीस
१८ नोव्हें, १०:४०

मेधाताई, हात जोडतो. हवाला म्हणजे आपल्या अंगडियाचाच चुलता आणि तिकडे मोठमोठ्या संस्थाही नाइलाजानं वापरतात, सगळं खरं. पण कोथरूडमधून गणपतीची वर्गणी हवाल्यानं काबूलला, हे वाक्य एकदा मोठ्यानं म्हणून बघा. आणि परदेशी संस्थेला सरळ पाठवलंत तर आयकरातली ८०जी ची सवलत नाही.

तिरकस
१८ नोव्हें, १०:४४

म्हटलं. बायको विचारतेय काय झालं.

लोणारकर
१८ नोव्हें, १२:१०

पुण्यातच कितीतरी अफगाण मुलं आहेत. २०२१ नंतर अनेकांचे घरून पैसे येणं बंद झालं, मुलींना तर परत जाणं म्हणजे शिक्षणाचा शेवट. एखाद्या मुलीची परीक्षा फी, वसतिगृहाचं भाडं? पाटही झाला आणि इथल्या इथे.

सीमा नाशिक
१८ नोव्हें, १२:२२

लोणारकरांना +१००. सुईण होऊ शकली नाही तरी दंतवैद्य होईल कुणी.

मेधा कोथरूड
रवि, ३० नोव्हेंबर २०२५, २०:५०

धागा वर काढतेय, निकाल सांगायला.

आज सभा झाली. मी नाकामुरांची गोष्ट पूर्ण सांगितली, सगळे गप्प बसून ऐकत होते. साने तर डोळे पुसत होते. मग लोणारकरांची सूचना मांडली. खजिनदार म्हणाले, छान आहे, पण फी भरल्याची पावती विद्यार्थिनीच्या नावानं येणार, सोसायटीच्या फायलीला काय लावू? आणि कोर्स तीन वर्षांचा, वर्गणी यंदाची, पुढच्या वर्षी कोण देणार? आपल्या नियमात उरलेली रक्कम ३१ मार्चच्या आत खर्ची पडली पाहिजे. त्यांनी एका संस्थेचं माहितीपत्रक आणलं होतं. इतक्या रुपयांत इतक्या कुटुंबांना हिवाळ्याचं पीठ, तेल, डाळ. पावती लगेच, भारतातली, सवलतीसकट. फोटोही पाठवतात.

सतरा विरुद्ध चार. नव्वद हजार पिठाला गेले.

बावीस हजार मी आणि सान्यांनी भांडून मागे ठेवलेत, 'सांस्कृतिक कार्यक्रम' या खात्यावर. एका मुलीच्या परीक्षा फीला पुरतील. मार्चच्या आत.

दूरचा पाहुणा
३० नोव्हें, २१:१४

मेधाताई, तुमच्या खजिनदारांना जिनिव्हात, मदतसंस्थांच्या मुख्यालयात, उद्या नोकरी मिळेल. मी शिफारस देतो.

पाटकरी
३० नोव्हें, २१:३०

नव्वद हजारांचं पीठ कुणीतरी खाणार आहे. वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या गणपतीला मांडव लहान घाला.

तिरकस
३० नोव्हें, २१:३३

आणि सांस्कृतिक कार्यक्रम काय ठेवलाय विचारलं तर?

मेधा कोथरूड
३० नोव्हें, २१:४१

बोलानी बनवण्याचं प्रात्यक्षिक. धाकटा करणार आहे. पातीचा कांदा आणि बटाटा भरलेली पातळ पोळी, तव्यावर तेल सोडून, वर लसणाचं दही. आमच्याकडे तव्यावर ती जरा फाटते, कारण मी मळताना कणीक वापरली आणि त्याचं म्हणणं मैदाच हवा.

सीमा नाशिक
३० नोव्हें, २१:४६

कणीक अर्धा तास झाकून ठेवून बघा. आणि कांदा मीठ लावून पिळून घ्या, नाहीतर पाणी सुटतं.